जिवाणूंमुळे त्वचेच्या पेशींत होणारा दाह प्रयोगशाळेत कसा मोजायचा: टप्पे, मात्रा आणि नेहमीच्या चुका

एमएस्सीच्या प्रकल्प अहवालांत आणि पीएचडीच्या पहिल्या वर्षाच्या सादरीकरणांत एक आलेख हमखास दिसतो. हाकॅट पेशींवर (प्रयोगशाळेत वाढवता येणाऱ्या मानवी त्वचेच्या पेशी) स्टॅफिलोकॉकस ऑरियस टाकला, चोवीस तासांनी आयएल-८ हे दाहाचा संदेश देणारं प्रथिन वाढलेलं दिसलं, म्हणून जिवाणूने दाह घडवला. आलेख खरा असतो, निष्कर्ष मात्र अनेकदा निसटतो. तेच आयएल-८ साठवलेल्या डिस्टिल्ड पाण्यातल्या एन्डोटॉक्सिनमुळे (दुसऱ्या जिवाणूंच्या आवरणातल्या द्रव्यामुळे) वाढू शकतं, पेशींत आधीच शिरलेल्या मायकोप्लाझ्मा या अतिसूक्ष्म जिवाणूमुळे वाढू शकतं, किंवा पेशी मरताना बाहेर सांडलेल्या घटकांमुळे. चौथी शक्यता याहून वाईट असते: ते वाढलेलंच नसतं, जिवाणूचं प्रोटीन-ए हे प्रथिन एलायझाच्या (प्रतिपिंड वापरून प्रथिन मोजण्याच्या चाचणीच्या) प्रतिपिंडांना चिकटून खोटं रीडिंग देत असतं.

या चारही वाटा प्रयोग सुरू होण्याआधी बंद कराव्या लागतात. निकाल हातात आल्यावर त्या बंद होत नाहीत. म्हणून या लेखात तयारीला मोजमापापेक्षा जास्त जागा दिली आहे. मात्रा २४ वेलच्या (खळग्यांच्या) प्लेटसाठी आहेत. छत्रपती संभाजीनगर, नांदेड, लातूर, परभणी इथल्या प्रयोगशाळांत काम करताना येणाऱ्या अडचणी, म्हणजे उन्हाळा, बोअरचं जड पाणी, जाणारी लाइट आणि लांबून येणारी पार्सलं, त्या त्या टप्प्यावर घेतल्या आहेत.

## टप्पा १: नेमकं काय मोजायचं ते कागदावर लिहा

जिवाणू केराटिनोसाइटला, म्हणजे त्वचेच्या वरच्या थरातल्या पेशीला, दोन अगदी वेगळ्या पद्धतींनी चाळवतो.

पहिली पद्धत ओळखीची. जिवाणूच्या आवरणातली लायपोप्रोटीनं पेशीच्या पृष्ठभागावरच्या टीएलआर-२ या ग्राहीला बांधली जातात. तिथून मायडी-८८ मार्फत संदेश आत जातो, आयकप्पाबी-अल्फा मोडतं, एनएफ-कप्पा-बीचा पी-६५ घटक केंद्रकात शिरतो आणि आयएल-८ चं जनुक चालू होतं. आयएल-८ न्यूट्रोफिलना बोलावतं. यासाठी जिवाणू जिवंत असण्याची गरज नाही, मारलेलाही चालतो.

दुसरी पद्धत विषांची. अल्फा-टॉक्सिन पेशीवरच्या अ‍ॅडॅम-१० या प्रथिनाला धरून पटलाला छिद्र पाडतं. फिनॉल-सोल्युबल मोड्युलिन नावाची छोटी पेप्टाइडंही पटल फोडतात. केराटिनोसाइटमध्ये आयएल-१-अल्फा तयार होऊन साठलेलंच असतं. पटल फुटलं की ते बाहेर पडतं आणि शेजारच्या पेशींना चेतवतं. यासाठी जिवंत जिवाणू किंवा त्याचं सुपरनॅटंट (फिरवल्यावर वर उरणारा द्रव) लागतं.

पहिला प्रश्न असेल तर उष्णतेने मारलेले जिवाणू घ्या. दुसरा असेल तर जिवंत घ्या आणि पेशीमृत्यूचं मोजमाप सक्तीचं समजा. दोन्ही प्रश्न एकाच प्लेटमध्ये कोंबू नका. जिवंत जिवाणूचा एक शिंतोडा शेजारच्या वेलचा निकाल बिघडवतो.

तपासा: मार्गदर्शकांना प्रश्न एका वाक्यात सांगता येतो का? "दाहावर परिणाम बघायचा आहे" हे वाक्य पुरेसं नाही. "मारलेल्या स्टॅफिलोकॉकसमुळे २४ तासांत आयएल-८ किती वाढतं आणि ते टीएलआर-२ मार्फत वाढतं का" हे पुरेसं आहे.

## टप्पा २: जागा, परवानगी आणि कचरा

स्टॅफिलोकॉकस ऑरियस जोखीम गट २ मध्ये येतो. संस्थेच्या जैवसुरक्षा समितीकडे आधी अर्ज करा. रुग्णालयातून घेतलेला नमुना वापरायचा असेल तर नीतिमत्ता समितीची परवानगीही लागते. शिकण्यासाठी संग्रहातला ओळखीचा वाण बरा: चंडीगडचा एमटीसीसी आणि पुण्याचा एनसीआयएम हे दोन्ही संग्रह वाण पुरवतात. तुलनेसाठी स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिसही मागवा. तो निरोगी त्वचेवर राहणारा आहे. दोघांमधला फरक दिसला तर निकालाला वजन येतं.

सावधान: वनस्पती ऊतिसंवर्धनासाठी घेतलेलं आडवं लॅमिनार फ्लो अनेक महाविद्यालयांत असतं. त्यातली हवा काम करणाऱ्याच्या तोंडावर येते. केळीच्या रोपांसाठी ते योग्य आहे, रोगजनक जिवाणूंसाठी धोक्याचं. वर्ग २ चं जैवसुरक्षा कॅबिनेट नसेल तर जिवंत जिवाणूंचा भाग करूच नका. मारलेले जिवाणू एखाद्या सुसज्ज प्रयोगशाळेतून तयार करून आणा.

पेशी वाढवण्याच्या खोलीत एअर कूलर नको. मे महिन्यात मोह होतो, पण ओल्या गवतातून आलेली हवा बुरशीचे बीजाणू घेऊनच येते. एसी लावा आणि त्याच्या जाळ्या दर पंधरा दिवसांनी धुवा.

कचऱ्यासाठी सोडियम हायपोक्लोराइट १ टक्का, संपर्क किमान ३० मिनिटं. उन्हाळ्यात त्याचा जोर भराभर उतरतो, म्हणून रोज ताजं करा. जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ नुसार जिवाणूंची कल्चर आधी जागेवरच निर्जंतुक करून मग पिवळ्या पिशवीत जातात. दूषित प्लास्टिक लाल पिशवीत. हायपोक्लोराइट घातलेला द्रव ऑटोक्लेव्ह करू नका, त्यातून क्लोरिन सुटतो.

## टप्पा ३: पाणी आणि रसायनं एन्डोटॉक्सिनमुक्त करा

हा टप्पा सर्वांत जास्त वगळला जातो आणि सर्वांत जास्त प्रयोग यातच बुडतात.

एन्डोटॉक्सिन म्हणजे ग्राम-ऋण जिवाणूंच्या बाह्य आवरणातलं एलपीएस. स्टॅफिलोकॉकस ग्राम-धन आहे, त्यात ते नसतं. पण डिस्टिल्ड पाणी आठवडाभर कॅनमध्ये ठेवलं की कॅनच्या आतल्या बाजूला ग्राम-ऋण जिवाणूंचा पातळ थर धरतो. मग ते पाणी ऑटोक्लेव्ह केलं तर जिवाणू मरतात, एलपीएस तसंच राहतं. १२१ अंशांना ते नष्ट होत नाही. काचेच्या भांड्यावरचं एलपीएस घालवायला कोरडी उष्णता लागते: २५० अंश, ३० मिनिटं.

करायचं काय:

१. पीबीएस (पेशी धुण्याचं फॉस्फेट बफर) आणि उत्तेजक द्रव्यांची विरलनं इंजेक्शनच्या पाण्यात करा. मेडिकल दुकानात मिळणाऱ्या निर्जंतुक इंजेक्शनच्या पाण्याला एन्डोटॉक्सिनची मर्यादा असते (प्रति मिली ०.२५ एन्डोटॉक्सिन एकक). स्वस्त आणि भरवशाचं.

२. काचेची भांडी नव्याने घासून, बोअरच्या पाण्याने नव्हे तर शेवटी इंजेक्शनच्या पाण्याने खंगाळून, २५० अंशांना भाजा. जमत नसेल तर निर्जंतुक प्लास्टिकच्या नळ्याच वापरा.

३. सिरम मागवताना बाटलीच्या प्रमाणपत्रावर एन्डोटॉक्सिनचा आकडा बघा. सगळे प्रयोग एकाच लॉटच्या सिरमवर करा.

४. जिवाणूंचा धुतलेला साठा, पीबीएस आणि मीडियम यांची एलएएल चाचणी (एन्डोटॉक्सिन मोजणारी) करा. प्रति मिली ०.१ एककाच्या खाली हवं.

केराटिनोसाइट एलपीएसला मोनोसाइटइतक्या जोरात उत्तर देत नाहीत, म्हणून काहीजण हा टप्पा सोडतात. पण पुढे मोनोसाइटसोबत सहसंवर्धन करायचं ठरलं की तोच साठा वापरला जातो आणि सगळी मेहनत पाण्यात जाते.

सावधान: बाजारातलं लायपोटायकोइक आम्ल हे "टीएलआर-२ चं शुद्ध उत्तेजक" समजून वापरू नका. त्यात लायपोप्रोटीनं मिसळलेली असतात आणि दिसणारा परिणाम बहुतांशी त्यांचाच असतो. टीएलआर-२ चा धन नियंत्रक (प्रतिसाद नक्की देणारा गट) म्हणून पॅम३सीएसके४ हे कृत्रिम लायपोपेप्टाइड घ्या, प्रति मिली १ मायक्रोग्रॅम.

## टप्पा ४: हाकॅट पेशी आणणं आणि सांभाळणं

पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रासारख्या अधिकृत संग्रहातूनच पेशी घ्या. दुसऱ्या विभागातून "एक फ्लास्क द्या" म्हणून आणलेल्या पेशींचा पॅसेज क्रमांक (त्या किती वेळा वाटून वाढवल्या तो आकडा) कोणाला सांगता येत नाही.

वाढत्या पेशी मीडियमने काठोकाठ भरलेल्या फ्लास्कमधून प्रवास करतात. पुण्याहून नांदेडला येताना तो फ्लास्क थर्मोकोलच्या खोक्यात, खोलीच्या तापमानाच्या जेल-पॅकसोबत ठेवा. बर्फ नको, आणि गाडीच्या डिकीतही नको. उन्हात उभ्या गाडीत पेशी शिजतात. पोचल्यावर बाहेरून ७० टक्के अल्कोहोलने पुसा, सूक्ष्मदर्शकाखाली बघा, इन्क्युबेटरमध्ये काही तास स्थिरावू द्या आणि मगच जादा मीडियम काढा. कोरड्या बर्फावर येणारी सिरमसारखी पार्सलं सोमवारी निघतील अशीच मागवा. शुक्रवारी निघालेलं पार्सल रविवारभर गोदामात पडतं.

मीडियम: जास्त ग्लुकोजचं डीएमईएम, १० टक्के सिरम, ३७ अंश, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड. लाइट गेली की इन्क्युबेटरचं दार उघडू नका. वारंवार जात असेल तर मीडियममध्ये १० ते २५ मिलिमोलर हेपेस बफर घाला, म्हणजे कार्बन डायऑक्साइड कमी पडला तरी पीएच काही काळ टिकतो. इन्क्युबेटरच्या ट्रेमध्ये निर्जंतुक डिस्टिल्ड पाणीच भरा. भरलेला जोड सिलिंडर कायम हाताशी हवा.

पेशी सोडवताना हाकॅट हट्टी असतात. त्या कॅल्शियमच्या आधाराने एकमेकींना घट्ट धरतात, त्यामुळे थेट ट्रिप्सिन घातलं की चादरीसारखे तुकडे निघतात. क्रम असा ठेवा:

१. कॅल्शियम नसलेल्या पीबीएसने दोनदा धुवा.
२. ०.०५ टक्के ईडीटीए घालून ३७ अंशांना ५ ते ८ मिनिटं. पेशी गोल होऊ लागल्या पाहिजेत.
३. ईडीटीए काढून ०.०५ टक्के ट्रिप्सिन-ईडीटीए, ३ ते ५ मिनिटं.
४. दुप्पट सिरमयुक्त मीडियमने ट्रिप्सिन थांबवा, सेंट्रिफ्यूजमध्ये २०० जी ला (गुरुत्वाच्या २०० पट) ५ मिनिटं फिरवा.

फ्लास्क हातावर आपटू नका. आपटल्याने गुठळ्या सुटतात, मोजणी चुकते आणि वेलमध्ये पेशी बेटं करून वाढतात.

पेशी आल्यापासून १५ पॅसेजच्या आत प्रयोग पूर्ण करा. ७० ते ८० टक्के भरल्या की वाटून टाका. डीएमईएममध्ये सुमारे १.८ मिलिमोलर कॅल्शियम असतं. पूर्ण भरलेल्या थरात पेशी पक्व होऊ लागतात आणि त्यांचा प्रतिसाद बदलतो.

तपासा: मायकोप्लाझ्मा. दर महिन्याला पीसीआर करा. हा जीव साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाही, मीडियम गढूळ करत नाही, आणि पेशीभित्तिका नसल्याने पेनिसिलीनला दाद देत नाही. या प्रयोगात तो विशेष घातक आहे, कारण त्याची लायपोप्रोटीनं टीएलआर-२ लाच चेतवतात. ज्या ग्राहीचा अभ्यास करायचा, ती आधीच चालू असलेल्या पेशींवर काहीही मोजून उपयोग नाही.

प्राथमिक केराटिनोसाइट वापरणाऱ्यांनी मीडियमच्या पुरवणीतलं हायड्रोकॉर्टिसोन प्रयोगाच्या आदल्या दिवशी काढून टाकावं. ते स्टेरॉइड आहे, आयएल-८ दाबतं.

## टप्पा ५: जिवाणूंचा साठा

१. उणे ८० अंशांच्या ग्लिसरॉल साठ्यातून अगारवर रेघा ओढा, ३७ अंशांना रात्रभर.
२. एक सुटी वसाहत ५ मिली ट्रिप्टिक सोय ब्रॉथमध्ये, १८० फेऱ्यांवर रात्रभर.
३. सकाळी ताज्या ब्रॉथमध्ये १:१०० विरल करा. दोन ते तीन तासांत ६०० नॅनोमीटरवर शोषण ०.५ च्या आसपास येईल.
४. ४००० जी, १० मिनिटं, ४ अंश. पीबीएसने दोनदा धुवा.
५. पीबीएसमध्ये मिसळून बंद नळी ३० सेकंद व्होर्टेक्स करा. झाकण उघडण्याआधी ५ मिनिटं थांबा, तुषार खाली बसू द्या.

रात्रभरचं कल्चर थेट वापरणं ही सर्वांत पसरलेली चूक आहे. त्यात मेलेले जिवाणू भरपूर असतात आणि स्थिर अवस्थेत विषांची निर्मिती बदललेली असते. रोजच्या साठ्यात हे प्रमाण वेगळं पडतं, त्यामुळे निकाल जुळत नाहीत. न धुणं ही दुसरी चूक: ब्रॉथमधलं जुनं विष सोबत जातं.

मोजणीसाठी शोषणाच्या आकड्यावर विसंबू नका. तो यंत्रागणिक बदलतो. प्रत्येक वेळी दशांश विरलनं करून १०० मायक्रोलिटर अगारवर पसरवा आणि ३० ते ३०० वसाहती असलेलीच प्लेट मोजा. उदाहरणार्थ, एक लाखपट विरल केलेल्या द्रवाच्या ०.१ मिलीमधून २०० वसाहती आल्या, तर मूळ साठ्यात दर मिलीला २० कोटी जिवाणू आहेत. प्लेटचा आकडा दुसऱ्या दिवशी कळतो, म्हणून आधी तीन वेळा शोषण आणि वसाहती यांचा स्वतःच्या यंत्रावरचा आलेख करून ठेवा. प्रयोगाच्या दिवशी त्यावरून मात्रा ठरवा आणि अहवालात मात्र प्लेटवरून निघालेली खरी मात्रा लिहा.

मारलेला साठा: ६० अंश, ६० मिनिटं, दर दहा मिनिटांनी नळी हलवत. उकळू नका, ऑटोक्लेव्हही नको. जिवाणू फुटून आतला सगळा ऐवज बाहेर येतो. मारण्याआधी मोजणी करा, नंतर करता येणार नाही. मारल्यावर १०० मायक्रोलिटर अगारवर पसरवून ४८ तास वाट बघा. एकही वसाहत आली तर साठा फेकून द्या. नाही आली तर उरलेल्या साठ्याचे छोटे भाग करून उणे ८० ला ठेवा.

## टप्पा ६: प्लेट मांडणं

प्रत्येक वेलमध्ये १ लाख पेशी, ५०० मायक्रोलिटरमध्ये. पसरवताना प्लेट गोल फिरवू नका, पेशी मधोमध गोळा होतात. मागे-पुढे आणि डावी-उजवीकडे हलवा. या पेशी प्रयोगाच्या किमान ४८ तास आधीपासून अँटिबायोटिक नसलेल्या मीडियममध्ये असाव्यात. पेनिसिलीन-स्ट्रेप्टोमायसिन शिल्लक राहिलं तर जिवंत जिवाणूंची मात्रा निव्वळ कागदावर राहते. थर ८० ते ९० टक्के भरला की १ टक्का सिरमच्या मीडियममध्ये १६ ते १८ तास ठेवा.

मारलेल्या जिवाणूंची प्लेट, प्रत्येक गट तीन वेल:

- फक्त मीडियम
- पीबीएस, जिवाणूंच्या साठ्याइतकंच आकारमान
- टीएनएफ-अल्फा (दाह चेतवणारं प्रथिन, धन नियंत्रक), प्रति मिली १० नॅनोग्रॅम
- पॅम३सीएसके४
- मारलेले जिवाणू
- मारलेले जिवाणू आणि पॉलिमिक्सिन-बी (प्रति मिली १० मायक्रोग्रॅम, ३० मिनिटं आधी मिसळून)
- फक्त पॉलिमिक्सिन-बी

झाल्या २१ वेल. उरलेल्या तिनांपैकी एक मोजणीसाठी आणि दोन एलडीएच चाचणीत (फुटलेल्या पेशींतून सांडलेलं एन्झाइम मोजणाऱ्या) सगळ्या पेशी फोडण्यासाठी.

पॉलिमिक्सिन-बी एलपीएसला बांधून निकामी करतं, लायपोप्रोटीनांना काही करत नाही. म्हणून त्याच्यासह आयएल-८ उतरलं तर साठ्यात एन्डोटॉक्सिन आहे. टप्पा ३ वर परत जा.

टीएलआर-२ अडवणारं प्रतिपिंड वापरायचं असेल तर त्याच वर्गाचं निष्क्रिय, म्हणजे आयसोटाइप, प्रतिपिंडही घ्या. मारलेल्या जिवाणूवरचं प्रोटीन-ए अनेक प्रतिपिंडांची शेपटी धरतं, त्यामुळे आयसोटाइपशिवाय त्या निकालाला अर्थ नाही.

### मात्रेचं गणित

मोजणीच्या वेलमधल्या पेशी त्याच दिवशी सोडवून मोजा. पेरलेला आकडा वापरू नका. दोन दिवसांत पेशी वाढलेल्या असतात. समजा वेलमध्ये २ लाख पेशी निघाल्या. एका पेशीमागे ५० मारलेले जिवाणू हवे असतील तर १ कोटी लागतील. साठा मिलीला २० कोटींचा असेल तर ५० मायक्रोलिटर. ते वेलच्या आकारमानाच्या दहा टक्के होतं, मीडियम पातळ होतं. साठा दहापट घट्ट करून ५ मायक्रोलिटर घाला. जिवंत जिवाणूंसाठी एका पेशीमागे १० पासून सुरुवात करा: २० लाख जिवाणू, म्हणजे २० कोटींच्या साठ्याचे १० मायक्रोलिटर.

## टप्पा ७: जिवंत जिवाणूंची प्लेट

स्टॅफिलोकॉकस अनुकूल मीडियममध्ये अर्ध्या तासात दुप्पट होतो. या वेगाने सहा तासांत बारा वेळा दुप्पट, म्हणजे चार हजारपट. पेशीमागे १० म्हणून सुरू केलेला प्रयोग दुपारपर्यंत वेगळाच झालेला असतो. मीडियम पिवळं पडतं, पेशी तरंगू लागतात, आणि तरी आयएल-८ मोजलं जातं. हे टाळायला जिवाणूंचा संपर्क वेळेत तोडावा लागतो:

१. जिवाणू घालून प्लेट ३०० जी ला ५ मिनिटं फिरवा, बंद रोटरमध्ये. सगळ्या वेलमध्ये संपर्क एकाच वेळी सुरू होतो.
२. ३७ अंशांना २ तास.
३. कोमट पीबीएसने तीनदा हलक्या हाताने धुवा. पिपेटची धार वेलच्या भिंतीवर सोडा, पेशींवर नको.
४. जेंटामायसिन प्रति मिली १०० मायक्रोग्रॅम, १ तास.
५. मीडियम बदलून जेंटामायसिन २० मायक्रोग्रॅमवर आणा. नियंत्रक वेलमध्येही तेवढंच.

सावधान: वाण जेंटामायसिनला संवेदनशील आहे का, हे आधी डिस्क चाचणीने बघा. रुग्णालयातले वाण बऱ्याचदा प्रतिरोधी असतात. त्यांच्यासाठी लायसोस्टॅफिन वापरावं लागतं.

इथे गट चार: पीबीएस, टीएनएफ-अल्फा, जिवंत जिवाणू, आणि पेशी नसलेल्या वेलमध्ये जिवाणू. या शेवटच्या वेल धुवायच्या नाहीत, त्यात फक्त जेंटामायसिन घालायचं. प्रोटीन-ए चा खोटा संकेत किती मोठा असू शकतो ते यातूनच कळतं. पहिले तीन गट ६ तासांसाठीही वेगळे लावा.

## टप्पा ८: पेशी जगल्या का?

एमटीटी (जिवंत पेशी रंगावरून मोजणारी चाचणी) वापरू नका. जिवंत जिवाणूही एमटीटीचा जांभळा रंग करतात. पेशी सगळ्या मेल्या तरी वेल गडद दिसते आणि "जिवंतपणा ११० टक्के" असा आकडा छापला जातो.

एलडीएच बरं, पण स्टॅफिलोकॉकसकडे स्वतःचं लॅक्टेट डिहायड्रोजिनेज असतं. पेशी नसलेल्या वेलचं रीडिंग वजा करा. सिरममध्येही ते असतं, म्हणून मीडियमचं रीडिंगही वजा. सुपरनॅटंट गोठवण्याआधी, त्याच दिवशी चाचणी करा.

एलडीएच नियंत्रकापेक्षा स्पष्टपणे चढलं असेल तर वाढलेल्या दाहक घटकांचं श्रेय एकट्या ग्राहीच्या संदेशाला देता येत नाही. मात्रा निम्मी करून पुन्हा लावा. विषांचा अभ्यास असेल तर हाच तुमचा निकाल आहे, तेव्हा सोबत आयएल-१-अल्फा मोजा. हाकॅटमध्ये आयएल-१-बीटा शोधण्यात पैसे घालू नका. पक्व स्वरूपात ते फार थोडं मिळतं.

## टप्पा ९: नमुने कधी आणि कसे घ्यायचे

वेळ चुकली की संकेत सुटतो. आयकप्पाबी-अल्फाचं विघटन १५ ते ३० मिनिटांत, पी-६५ केंद्रकात १५ ते ६० मिनिटांत, आयएल-८ चा एमआरएनए २ ते ४ तासांत, प्रथिन ६ ते २४ तासांत. चोवीस तासांनी वेस्टर्न ब्लॉट करून "एनएफ-कप्पा-बी चालू झालं नाही" असं लिहिणारे अहवाल यामुळेच निघतात.

सुपरनॅटंट ४ अंशांना फिरवा, जिवंत जिवाणूंचं असेल तर प्रथिन कमी धरणाऱ्या ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळा. प्रत्येक नमुन्याचे तीन छोटे भाग करा आणि उणे ८० ला ठेवा. एक भाग एकदाच वितळवायचा. फ्रीजर लाइट गेल्यावर किती वेळ टिकतो ते नमुने ठेवण्याआधीच तापमापी लावून पाहा.

## टप्पा १०: एलायझा

किटच्या पुस्तिकेचा क्रम पाळा. इथे फक्त जिथे घसरतं तेवढंच.

खोलीचं तापमान. पुस्तिकेतलं "खोलीचं तापमान" म्हणजे २० ते २५ अंश. एप्रिल-मेमध्ये एसीशिवाय आपली खोली त्याच्या कितीतरी वर असते. टीएमबी हे रंग देणारं द्रव्य भराभर निळं होतं, कोऱ्या वेलही रंगतात आणि वरची प्रमाणं (माहीत मात्रेचे नमुने) सपाट होतात. एसी नसेल तर २४ अंशांवर लावलेल्या इन्क्युबेटरमध्ये प्लेट ठेवा, पण त्यालाही आतून थंड करण्याची सोय हवी.

प्रमाण वक्र. प्रति मिली २००० पिकोग्रॅमपासून निम्मे करत ३१.२५ पर्यंत सात, आणि एक कोरी. प्रमाणं पीबीएसऐवजी त्याच १ टक्का सिरमच्या मीडियममध्ये करा. वक्र सरळ रेषेचा नसतो, चार घटकांच्या लॉजिस्टिक समीकरणाने बसवा.

विरलन. टीएनएफ-अल्फाचे आणि चोवीस तासांचे नमुने वक्राच्या वर जाऊ शकतात. १:५ आणि १:१० दोन्ही लावा. गुणून दोघांचं उत्तर जवळपास सारखं आलं पाहिजे.

धुणं. ०.०५ टक्के ट्वीन-२० असलेलं पीबीएस, वेल काठापर्यंत भरून, प्रत्येक वेळी टिपकागदावर उपडं ठोकून. जिथे एचआरपी हे रंग घडवणारं एन्झाइम आहे तिथल्या कोणत्याही द्रावणात सोडियम अझाइड नको. ते एन्झाइमच मारतं.

तपासा: प्रोटीन-ए. पेशी नसलेल्या वेलमधल्या जिवाणूंच्या सुपरनॅटंटला रीडिंग आलं तर ते आयएल-८ असूच शकत नाही. दुसऱ्या बाजूने, त्याच सुपरनॅटंटमध्ये प्रति मिली ५०० पिकोग्रॅम शुद्ध आयएल-८ घालून मोजा. ४०० च्या खाली आलं तर जिवाणूची प्रोटिएझं ते कुरतडताहेत किंवा मीडियम अडथळा आणतं आहे. दोन्ही बाबतीत नमुना आणखी विरल करा. तरी सुटलं नाही तर आयएल-८ चा एमआरएनए क्यूपीसीआरने मोजा. तिथे प्रोटीन-ए ची लुडबुड नसते.

## टप्पा ११: आकडे मांडणं

एका प्लेटमधल्या तीन वेल म्हणजे तीन प्रयोग नव्हेत. तीन वेलची सरासरी हा एक आकडा. वेगळ्या दिवशी, वेगळ्या पॅसेजवर, नव्याने वाढवलेल्या जिवाणूंवर केलेले किमान तीन प्रयोग हवेत आणि सांख्यिकी त्या तीन सरासऱ्यांवर लावायची. नऊ वेल एकत्र घालून काढलेलं पी-मूल्य परीक्षकाने पकडलं तर सगळा प्रबंध अडतो.

नोंदवहीत प्रत्येक प्रयोगासमोर एवढं असू द्या: पॅसेज क्रमांक, मायकोप्लाझ्मा चाचणीची तारीख, सिरमचा लॉट, पेशींची त्या दिवशीची मोजणी, प्लेटवरून निघालेली खरी जिवाणूसंख्या, एलएएलचा आकडा, एलडीएचचं प्रमाण, एलायझाच्या वेळचं खोलीचं तापमान, आणि लाइट गेली असेल तर किती वाजता आणि किती वेळ.

टीएनएफ-अल्फाच्या वेलमध्ये आयएल-८ वाढलं नसेल तर त्या दिवसाचा कुठलाही निकाल वापरू नका, अगदी हवा तसा आलेला असला तरी.